कामून पडली?

लातुरात कशाचाही क्लास निघतो. पोरांना डॉक्टर करायचे क्लास तर आहेतच, त्यांच्यावरच अर्धं गाव चालतं. पण अक्षर सुधारायचा, पाढे उलटे म्हणायचा, चारचौघांत बोलायचा, हे सगळे क्लास माझ्या घराच्या दोन गल्ल्यांत आहेत. त्यामुळे रिंगरोडच्या पलीकडे घोड्यावर बसायचा क्लास निघाला तेव्हा मला नवल वाटलं नाही. आनंद मात्र झाला, आणि तोही चोरटा. आमच्या घरात घोड्यावर बसता येणारी मी एकटीच होते. लग्न होऊन आले तेव्हा मोठ्या हौसेनं ते सासूबाईंना सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे आपल्या दुकानाकडच्या लोकांपुढं बोलू नको." मी वीस वर्षं बोलले नाही. गप्प बसण्याची सवय मला तेव्हापासूनची.

माझं माहेर कंधार. वडील जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. बैलाच्या खुरातला खिळा, अडलेली म्हैस, पोट फुगलेली शेळी, असल्या कामांना ते सायकलवरून खेडोपाडी जात आणि सुट्टीच्या दिवशी मला पुढच्या दांडीवर बसवून नेत. किल्ल्याच्या अंगाला एका शेतात तीन घोडे बांधलेले असत. त्यांचा मालक पोलिसांच्या घोड्यांवर नोकरी केलेला आणि वरच्यांशी काहीतरी बिनसल्यावर मुदतीआधीच गावी परतलेला माणूस होता. घर शेतकऱ्याचं, पण सगळं कंधार त्यांना उस्ताद म्हणायचं. पोलिसभरतीची पोरं त्यांच्याकडे शिकायला येत. मी तेव्हा बारा वर्षांची. वडील घोडीच्या पायाला पट्टी बांधत होते आणि मी तिच्या तोंडापाशी उभी होते. उस्तादांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि वडिलांना म्हणाले, "हिला भ्या न्हाई वाटत. शिकवू का?" वडील हो म्हणाले. घरी गेल्यावर आईचं काय ऐकावं लागेल याचा विचार त्यांनी तेव्हा केला नसावा.

शिकवणं कसलं, पहिला महिनाभर त्यांनी मला घोड्यावर बसूच दिलं नाही. नुसता खरारा. लोखंडी दातांच्या त्या खराऱ्यानं घोड्याचं अंग घासायचं, धूळ झाडायची, मग डोळे मिटून चारही पायांवरून वरून खाली हात फिरवायचा. कुठे गाठ आहे, कुठे हाताला गरम लागतंय, कुठे केस उलटे आहेत ते तोंडानं सांगायचं. चुकलं की परत पहिल्या पायापासून. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळला की घोड्याला दहा पावलं चालवून आणायचं आणि तंग पुन्हा आवळायचा, कारण आवळताना घोडा पोट फुगवून धरतो आणि चालला की सोडतो. हे मी पहिल्या दिवशी शिकले. बसले दुसऱ्या महिन्यात, आणि बसल्या बसल्या पडले.

पडल्यावर उस्ताद कुणाला उचलायला येत नसत. हाड मोडलं नाही एवढं लांबूनच बघायचे आणि तिथूनच विचारायचे, "कामून पडली?" पहिल्यांदा मी म्हणाले, घोडी बिचकली. ते म्हणाले, "घोडीचं सांगू नको. तुझं सांग." मातीत बसूनच कारण शोधायचं. टाच वर गेली होती, नजर खाली होती, मनात भूगोलाचा पेपर होता. खरं कारण तोंडातून निघेपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा नियम. खोटं सांगितलेलं त्यांना लगेच कळायचं. खरं सांगितलं की ते एकच शब्द बोलायचे, "ऊठ." शाबासकी नाही, रागावणं नाही. पुढं आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पडले, पण इतकं सोपं करून मला कुणी उठवलं नाही.

उस्तादांची आरती मला ओवाळायची नाही. ते तोंडानं फटकळ होते. हातातली छडी घोड्यावर कमी आणि आमच्या टाचेवर जास्त पडायची. डोक्याला काही बांधणं त्यांना हसण्यासारखं वाटायचं. त्यांच्याकडे शिकलेल्या एका पोराला डोक्यावर पडल्यानं एका कानानं ऐकू येईनासं झालं, आणि उस्ताद त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. जुनं ते सगळं चांगलं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण घोडा बघून त्याचं मागचं आयुष्य सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

लातूरच्या क्लबात माझी लेक जायला लागली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. डॉक्टर व्हायचं नाही असं तिनं दहावीनंतरच सांगून टाकलं होतं, आणि आमच्या गावात ते सांगायला धाडस लागतं. तिला घोड्यावरच्या स्पर्धांत उतरायचं होतं. शिकवायला पुण्याहून कोर्स करून आलेला एक तरुण होता. पोरगा चांगला. घोड्याला मारायचा नाही, लेकरांशी हसून बोलायचा, डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय कुणाला घोड्याजवळ जाऊ द्यायचा नाही. तरीही माझ्या मनानं घेतलं की इथे उस्ताद हवेत. मीच क्लबाच्या मालकाच्या मागे लागले. त्यालाही जाहिरातीला एक पिकलेल्या मिशांचा माणूस हवाच होता. उस्ताद तेव्हा सत्तरी ओलांडलेले. शेवटची घोडी विकून मुलाच्या घरी ओसरीत बसून असायचे. मी गेले आणि विचारलं. त्यांनी चपला घातल्या आणि मग म्हणाले, "येतो."

एक ट्रंक आणि फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा खरारा घेऊन ते बसनं लातूरला आले. तबेल्यामागची खोली त्यांना दिली. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लातूरच्या लेकरांना कंधारसारखं शिकवायला सुरुवात केली. म्हणजे खरारा, पाय, डोळे मिटून हात. आठवडा झाला, दोन झाले. आईबाप कुंपणाबाहेर मोबाइल धरून उभे, आणि फोटोत लेकरू घोड्यावर नाही, घोड्याखाली. एका वडिलांनी तसं बोलूनही दाखवलं आणि सगळे हसले. मीही हसले. त्यात उस्तादांनी एका डॉक्टरांच्या मुलीला "तांदळाचं पोतं बरं" म्हटलं आणि हेल्मेटला पातेलं म्हटलं. झालं. तिसऱ्या आठवड्यात माझीच लेक घरी रडत आली. "मम्मी, ते आजोबा मला बसूच देत नाहीत. बाकीची पोरं सरांकडे दुडकीवर गेली. मी अजून पाय घासते आहे. तुझ्या ओळखीचे म्हणून मला जास्त."

आईबापांच्या ग्रुपवर पत्राची गोष्ट निघाली. मी शाळेत मराठी शिकवते, तेव्हा मसुदा शुद्ध करायला माझ्याकडेच आला. मूळ म्हणणं एवढंच होतं की म्हाताऱ्याला काढा. ते मी, "त्यांच्या प्रदीर्घ अनुभवाचा आदर राखून, वयोमानानुसार त्यांना विश्रांतीची संधी द्यावी," असं केलं. सगळ्यांना फार आवडलं. खाली सह्या झाल्या. माझी पाचवी. लेकीसाठी केली असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्या कुंपणापाशी माझ्या उस्तादांवर लोक हसत होते आणि मला त्यांच्याबरोबर उभं राहायचं होतं, हेही होतं.

त्यांना निरोप मिळाला त्याच्या दोनच दिवस आधी क्लबात एक नवा घोडा आला होता. घोड्यांच्या बाजारातून मालकानं स्वतः निवडून आणलेला, काळपट तांबडा, ऐटबाज. त्याच्या पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या जरा वर, पांढऱ्या केसांचं एकेक कडं होतं. लेकरांनी त्याला पैंजणवाला म्हणायला सुरुवात केली. त्या पायांचेच फोटो सगळ्यात जास्त निघाले.

उस्तादांना बसस्टँडवर सोडायला मीच गेले. दुसरं कोण जाणार. गाडीत बसल्यावर त्यांनी फडक्यातला खरारा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "कागूद चांगला लिहिलाय. कोन लिहिला?"

"सगळ्यांनी मिळून," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुढच्या चौकात गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "एक सांगून राहिलो, ध्यानात ठेव. तो नवा घोडा लेकराखाली देऊ नका. त्याच्या पायाला ते पैंजण न्हाईत. दोरीनं बांधून काठीनं मारून नाचवलेला हाय त्याला. कातडं सोलून निघालं की तिथं केस पांढरे येतेत. वरातीतला घोडा हाय तो. बाजा वाजला अन् लगाम वडला की त्याला वाटतंय, उभा ऱ्हा म्हून राहिले. वडलं की तो उभा ऱ्हातो. आजून वडलं की आजून वर जातो. त्याला लगाम ढिला सोडायचा अन् एका अंगाला गोल फिरवायचा. सरळ वडायचा न्हाई. कळलं का?"

"कळलं, उस्ताद."

"माझं आता तिथं कोन ऐकतंय. तू सांग. तुझं ऐकतील."

"सांगते," मी म्हणाले. त्यांनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा सांगते म्हणाले. मग ते ट्रंक घेऊन बसमध्ये चढले.

घरी येऊन मी ग्रुपवर तसं लिहिलंसुद्धा. लिहिलं, वाचलं आणि पुसलं. ज्याला विश्रांतीची संधी द्या म्हणून आपणच सुंदर मराठीत लिहिलं, त्याचाच सल्ला दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकायचा कसा? लोक म्हणतील, म्हातारा जाता जाता खोडी काढून गेला. मलाही आतून थोडं तसंच वाटत होतं. अपमान झालेला माणूस नव्या घोड्यात खोट काढणारच. मालकाला भेटून सांगू, असं ठरवलं. मग सहामाहीचे पेपर आले. लेकीच्या वाट्याला तर एक म्हातारी, गरीब घोडी होती. तिचा आणि पैंजणवाल्याचा संबंधच नव्हता. असं करत करत महिना गेला आणि ती गोष्ट माझ्या मनात तळाला जाऊन बसली. विसरले नव्हते. नुसती बोलले नव्हते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पोहे खाताना लेक म्हणाली, "आमची घोडी लंगडतेय. आज मला पैंजणवाला मिळणार." तोंडावर नुसता आनंद. मी उत्तरपत्रिका तपासत होते. हात थांबला. सांगावं असं आलंही मनात, पण सांगायचं म्हणजे महिनाभर का सांगितलं नाही तेही सांगावं लागलं असतं, आणि तिला उशीर होत होता. मी म्हणाले, "जपून." माझ्या तोंडून निघालेल्या शब्दांपैकी या एका शब्दाची मला जितकी शिसारी येते तितकी दुसऱ्या कशाची येत नाही.

क्लबाच्या शेजारी मंगल कार्यालय आहे. त्या दिवशी दाट तिथ होती. नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला नेतात तो परण्या, पुढं बँजो आणि हलगी घेऊन, क्लबाच्या कुंपणाला लागूनच निघाला. मी तिथे नव्हते; जे सांगते ते त्या तरुण शिक्षकानं नंतर रडत रडत सांगितलेलं. हलगी सुरू झाली तसा पैंजणवाल्यानं कान उभारले आणि जागच्या जागी पाय आपटायला लागला. लेकरं हसली, घोडा नाचतोय म्हणाली. लेकीनं शिकवल्याप्रमाणे लगाम मागे ओढला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. ती घाबरली आणि तिनं आणखी ओढला. कुणीही ओढला असता. दुसरा कुठलाही घोडा तेवढ्यावर थांबला असता. तो आणखी वर गेला आणि तिच्यासकट पाठीवर पडला. रस्त्यावरच्या लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, असं तो म्हणाला.

कमरेचं हाड आणि मांडी. दोन ऑपरेशनं. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही, ते त्या पातेल्यामुळे, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की चालेल, पण एक पाय आखूड राहील, आणि घोड्यावर बसणं आता विसरा. विसरा म्हणाले. मी बरं म्हणाले.

चौथ्या दिवशी उस्ताद आले. कुणी कळवलं ते ठाऊक नाही. धोतर, टोपी, हातात पिशवीत दोन पपया. कॉटपाशी उभे राहिले आणि लेकीकडे पाहत राहिले. मग सवयीनंच विचारलं, "कामून पडली?"

लेक म्हणाली, "घोडा उभा राहिला."

मला वाटलं, आता ते म्हणणार, घोड्याचं सांगू नको. ते म्हणाले नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, कुणी दुधाचं भांडं विस्तवावरून उतरवेल तेवढाच. त्या वेळात मला बोलता आलं असतं. वीसेक शब्दांचं काम होतं. मी सलाइनच्या नळीकडे बघत राहिले.

"पोरी, माझी चूक हाय," उस्ताद लेकीला म्हणाले. "तो घोडा नाचवलेला होता. मला दिसलं होतं. जाताना सांगायचं इसरून गेलो. म्हातारपन."

लेकीनं तोंड भिंतीकडे केलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला मध्येच अडवलं. "तसं करू नको. तिला उठवायचं, बसवायचं, न्हाऊमाखू घालायचं तुलाच हाय. तिचं तुझ्यावरचं मन उडालं तर लेकरू कुनाच्या हातचं खाईल? मला काय, मी चाललो कंधारला." आणि ते खरोखरच चालते झाले. जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी.

मी त्यांना जाऊ दिलं. सोयीचं होतं. सहा महिने लेक माझ्या हातचं खाऊन, माझ्या खांद्यावर हात टाकून उठत-बसत होती, आणि तिचं मन माझ्यावरून उडालं नाही. त्या तरुण शिक्षकाला क्लबानं काढून टाकलं. त्याचा काडीचा दोष नव्हता, तोही माझ्या गप्प बसण्याखाली भरडला गेला. पैंजणवाला विकला गेला. लग्नाच्या वरातीवाल्याकडेच गेला असं ऐकलं. तिथे तो उभा राहिला की लोकांना आवडतं.

दोन वर्षं अशीच गेली. गेल्या महिन्यात क्लबाच्या मालकानं जुन्यानव्या आईबापांना चहाला बोलावलं. विषय असा, की एखादा जुना, अनुभवी शिकवणारा पुन्हा ठेवावा का. आताची लेकरं व्हिडिओ बघून येतात, त्यांना जुन्या माणसांचा उपयोग आहे का नाही. माझ्या लेकीलाही मुद्दाम बोलावलं होतं. ती आता अठरा वर्षांची आहे, काठी घेऊन चालते, आणि बोलते फार नेमकं. ती उभी राहिली. "मला त्यांच्याविषयी राग नाही," ती म्हणाली. "त्यांना माहिती होती, पण ते सांगायला विसरले. माणूस कितीही हुशार असला आणि ऐन वेळी विसरत असला तर त्याचा काय उपयोग? त्यांच्या विसरण्यानं माझा पाय गेला. तुम्ही तुमच्या लेकरांसाठी विचार करा."

सगळ्यांनी माना हलवल्या. एक बाई डोळे पुसायला लागल्या. विषय तिथेच मिटला. म्हातारं माणूस नको, असं ठरलं. माझ्या हातातल्या कपातल्या चहावर साय धरली होती. ज्यांच्या डोळ्यांनी एका नजरेत घोडा ओळखला, त्यांच्याविषयी माझी लेक भरल्या सभेत असं बोलली, आणि ते तिच्या तोंडात मी घातलं होतं.

परत येताना रिंगरोडला मी गाडी कडेला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. बसस्टँडचा रस्ता, दोनदा म्हटलेलं सांगते, पुसलेला निरोप, पोहे, जपून. पत्र मीच शुद्ध केलं तेही. उस्तादांचा पडण्याचा नियमसुद्धा सांगितला.  संपल्यावर ती म्हणाली, "गाडी चालव." घरी आल्यावर खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन तयार होऊन बाहेर आली. "कंधारला चल. त्यांच्यासमोर सांग."

अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता ती मागच्या सीटवर बसली. माझ्या शेजारची सीट रिकामी.

दार उस्तादांच्या सुनेनं उघडलं. म्हणाली, "या ताई, पन मामांचं आता काही खरं न्हाई. कधी ओळखतेत, कधी न्हाई." ते ओसरीत बाजेवर बसले होते. पुढ्यात तेलाची वाटी आणि जुन्या तंगाचा चामडी पट्टा. गोठ्यात घोडा नव्हताच, सरपण रचलेलं होतं. बोटाला तेल घेऊन ते पट्ट्यात जिरवत होते, अगदी हळू, शिवणीतून शिवणीत. मला त्यांनी ओळखलं नाही. लेकीच्या काठीकडे मात्र त्यांची नजर गेली आणि तेलकट हात जोडले गेले.

"पोरी, सांगायचं राहून गेलं माझ्याकडून," ते म्हणाले. "नाचवलेला होता तो. मी इसरून गेलो."

सून म्हणाली, "येईल त्याला हेच सांगतेत. पोस्टमनला, दूधवाल्याला. दोन साल झाले, हेच."

मी त्यांच्यापुढं जमिनीवर बसले. म्हणाले, "उस्ताद, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही मला सांगितलं होतं. बसस्टँडला जाताना, गाडीत. सगळं सांगितलं होतं, लगाम ढिला सोडायचा तेसुद्धा. मी कुणाला सांगितलं नाही. मला लाज वाटली म्हणून. पोरगी माझ्यामुळे पडली."

त्यांनी माझं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग समजूत काढावी तशी मान हलवली. "न्हाई माय. तुला काय ठावं. मीच इसरलो. म्हातारपन लई वाईट."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. माझ्या लेकीला आई राहावी म्हणून जे खोटं ते एकदा बोलले, तेवढंच आता त्यांच्यापाशी खरं म्हणून उरलं होतं. लेक काठीवर भार देऊन खांबाला टेकली होती. ती पुढं झाली, वाकता येत नाही तरी वाकली, त्यांच्या पायांना हात लावला आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे निघून गेली. आखूड पाय फरशीवर घासत जातानाचा आवाज दारापर्यंत ऐकू आला.

मी बसून राहिले. खरं कारण मी सांगितलं होतं, माझंच सांगितलं होतं, घोड्याचं नाही. आता ते ऊठ म्हणतील म्हणून मी थांबले होते. उस्तादांनी वाटीत बोट बुडवलं आणि पट्ट्याची पुढची शिवण धरली.